वाचकांचे प्रश्न : मिरज-सांगलीची गाण्याची वाट

सांगली जिल्ह्यातली गाण्या-नाटकाची ठिकाणं कशी पाहावीत, यावर या वेळी वाचकांचे प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रं मिरजेबद्दल आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे. वडिलांनी जन्मभर किराणा घराण्याचं गाणं ऐकलं, पण मिरज कधी पाहिलं नाही. एका दिवसात काय दाखवता येईल? (एक वाचक, कराड)

एकाच दिवसात मिरज आणि सांगली दोन्ही उरकायची घाई करू नका, एवढं पहिल्यांदा सांगतो. दोन्ही शहरांत दहाएक किलोमीटरचंच अंतर असल्यामुळे बरेच जण तसा बेत आखतात आणि कशालाच न्याय मिळत नाही. वडिलांची आवड पाहता एक दिवस फक्त मिरजेला द्या.

सकाळच्या गाडीने या. स्टेशनावरून रिक्षाने थेट ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यात जा. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म 1872 चा. पुढे त्यांनी मिरजेत घर केलं आणि दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा जडली. ते दुखण्यातून उठले ते मीरासाहेबांच्या कृपेने, असं मिरजेत आजही सांगितलं जातं. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत, पाँडिचेरीच्या वाटेवर एका छोट्या रेल्वे स्टेशनात त्यांचं निधन झालं. तिथून देह मिरजेला आणून याच आवारात दफन केला. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे ही त्यांची मुलं. किराणा गाणं महाराष्ट्रात रुजलं ते मुख्यतः या माणसामुळे. वडिलांना इथे निवांत बसू द्या, घड्याळ दाखवू नका.

दर्ग्यात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि डोकं झाकावं लागतं. दहा-साडेदहानंतर फरशी तापते आणि म्हाताऱ्या पायांना चटका बसतो. म्हणून दोघांसाठी जाड मोजे जवळ ठेवा आणि शक्यतो नऊच्या आत पोचा. गुरुवारी आणि शुक्रवारी गर्दी असते. शांतता हवी असेल तर दुसरा वार निवडा.

अकरानंतर सतारमेकर गल्ली. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. तिथे पायऱ्या फारशा नाहीत, पण बसायला हक्काची जागा नसते. आई-वडिलांना एकाच दुकानात अर्धा-पाऊण तास बसवा, चार दुकानं फिरवू नका. दुपारी जेवण आणि विश्रांती. संध्याकाळी बालगंधर्व नाट्यगृहावरून एक फेरी मारा. पूर्वी या जागी हंसप्रभा थिएटर होतं. 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीतल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने शकुंतला म्हणून पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो इथेच. तोच मुलगा पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्रात गाजला. नाट्यगृहात त्या दिवशी प्रयोग असला तर उत्तमच, नाहीतर बाहेरून पाहून परत फिरा.

मिरजेत वाद्यं बनताना पाहायची आहेत, पण विकत काही घ्यायचं नाही. असं नुसतं जाऊन कारागिरांचा वेळ घेणं बरं दिसतं का? आणि नेमकं काय पाहायचं? (एक वाचक, पुणे)

जरूर जा. मिरजेचं खरं वाद्यसंग्रहालय म्हणजे ही गल्ली. इथली वाद्यं काचेच्या कपाटात नसतात. ती अर्धी तासलेली, बिनतारांची, भिंतीला टेकवून ठेवलेली असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली शिकलगार घराणी हत्यारांना धार आणि पाणी देण्याचं काम करत. इंग्रजी अंमलात ते काम आटलं. तोपर्यंत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवयांचा राबता वाढला होता आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करणारं कुणीतरी जवळ हवं होतं. शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी ते काम हाती घेतलं. दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडू लागली. हत्यारावर बसलेला हात लाकडावर वळला आणि आडनावच सतारमेकर झालं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

काय पाहायचं? भोपळ्यापासून सुरुवात करा. तो भाजीतला भोपळा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढा भागात मुद्दाम लावला जाणारा हा कडू भोपळा वेल वाळेपर्यंत रानातच ठेवतात. तानपुऱ्यासाठी घेर चार-साडेचार फुटांपर्यंत लागतो. वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडून काढतात आणि तोंडात आडव्या काठ्या ताणून आकार धरायला लावतात. कारखान्यात असे काठ्या घातलेले भोपळे हमखास दिसतील. त्यावर गळा आणि पोकळ दांडी बसते. लाकूड तुणीचं. वजनाला हलकं, पण तारांचा ताण पेलणारं. समोरून झाकणारी फळी ती तबली. तिला मधोमध किंचित फुगवटा असतो. कारागीर ती तासताना मध्येच बोटाने ठोकून पाहतो, कारण जाडी मोजपट्टीने ठरत नाही. जाड राहिली तर आवाज दबतो. फार पातळ झाली तर दोन-चार वर्षांत घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्याच्या, दाबाने खाली बसते.

पण या गल्लीत एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर जवारी काढणारा, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज मोकळा करणारा माणूस पाहा. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट वाटतो, तसा तो नसतो. त्याला अगदी सौम्य उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा अलगद टेकते, आणि त्या टेकण्यातून एका स्वराच्या पोटातले अनेक स्वर बाहेर पडतात. आपण ज्याला तानपुऱ्याची आस म्हणतो ती ही. कारागीर तार बाजूला सारतो, बारीक कानशीने घोडीवर दोन-तीन हात मारतो, भुकटी फुंकतो, तार परत जागेवर आणतो, छेडतो, मान हलवतो आणि पुन्हा तार सारतो. असं वीस-वीस वेळा चालतं. एक हात जास्त बसला की तार कर्कश खणखणते आणि मग सगळा माथा पुन्हा घासून सारखा करावा लागतो. हे काम चालू असताना बोलू नका. कानाने काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठा अडथळा आवाजाचा होतो, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

रीत एवढीच : आधी विचारा, फोटो काढण्यापूर्वी पुन्हा विचारा, आणि टेकवून ठेवलेल्या वाद्याला हात लावू नका. पॉलिश ओलं असेल तर बोटाचा ठसा कायमचा राहतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला कामं थांबलेली असतात. अगदीच काही न घेता निघणं अवघड वाटत असेल तर तारांचा एक संच किंवा नखी घ्या. घरी नाही तर ओळखीच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल.

मुलगी चार वर्षं गाणं शिकते आहे. आता मिरजेला जाऊन खरा तानपुरा घ्यायचा आहे. आम्हा दोघांना त्यातलं काही कळत नाही. फसगत होऊ नये म्हणून काय पाहावं? (एक वाचक, विटा)

पहिली गोष्ट, मुलीला बरोबर न्या. शक्य झालं तर तिच्या गुरूंनाही. तानपुरा पट्टीवर, म्हणजे गाणाऱ्याचा ‘सा’ कुठे लागतो त्यावर ठरतो, आणि पट्टी गळ्यावर. बायकांचा षड्ज (सा) साधारण पेटीच्या काळी चार ते काळी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या. त्यानुसार जनानी तानपुरा साधारण चार-साडेचार फुटांचा आणि मर्दानी पाच फुटांच्या आसपास असतो. तारांची जाडीही वेगळी. पुरुषी तानपुरा ओढून काळी पाचला लावला तर तारा तुटतात. जनानी तानपुरा काळी एकला उतरवला तर तारा सैल पडून नुसत्या फडफडतात. मुलगी लहान असेल आणि पट्टी अजून स्थिर झाली नसेल, तर वर्षभर थांबलेलं बरं.

दुकानात गेल्यावर नक्षीकडे पाहू नका. पानं, वेलबुट्टी, सेल्युलॉइडच्या पट्ट्या यांनी किंमत वाढते, आवाज वाढत नाही. पहिल्या तानपुऱ्याला साधी दांडी पुरते. वाचलेले पैसे चांगल्या भोपळ्यावर आणि घोडीवर घाला.

तपासायचं ते असं. खुंट्यांकडून एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाका. तारांच्या ओढीने किंचित बाक चालतो, पण दांडी एका कुशीला पिळलेली असेल तर तो तानपुरा नको. भोपळ्यावर बोटाच्या पेराने सगळीकडून हलकं ठोका. आवाज भरीव आणि सारखा यायला हवा. एखाद्या जागी ‘थप’ असा बसका आला तर तिथे तडा बुजवलेला असण्याची शक्यता असते. विचारून घ्या. भोपळा नैसर्गिक वस्तू आहे, लहानशी डागडुजी दोष नव्हे, पण ती विकणाऱ्याने सांगितली पाहिजे. गळ्याच्या सांध्यावर नख फिरवून पाहा, कुठे फट लागायला नको. घोडीभोवतीची तबली खाली बसलेली नाही ना, हे तिच्यावर मोजपट्टी आडवी धरून पाहा. चारही खुंट्या फिरवायला मऊ हव्यात आणि सोडल्या जागी थांबायला हव्यात. एखादी खुंटी टकटक करत सरकत असेल तर ती छिद्रात नीट बसलेली नाही. पाच मिनिटांचं काम आहे, तिथल्या तिथे करून घ्या.

आता आवाज. तारा क्रमाने मंद्र पंचम, मध्य षड्जाच्या जोडीच्या दोन, आणि शेवटी मंद्र षड्ज म्हणजे खर्ज. जनानी तानपुऱ्यात पहिल्या तीन पोलादी आणि खर्ज पितळी असते. पंचम मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. बोट तारेला टोचत नाही, तिच्यावरून फिरतं. दुकानदाराला आधी दोरा (तारेखाली घोडीवर सरकवतात तो सुती धागा) न लावता वाजवायला सांगा. जवारी चांगली असेल तर दोऱ्याशिवायही चारही तारा सारख्याच मोकळ्या बोलतात. एखादीच मुकी राहत असेल तर घोडीचं काम अपुरं आहे. मग दोरा लावून ऐका. तानपुरा नीट लागला की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. कुठल्याही तारेवर न लावलेला हा स्वयंभू गंधार ऐकू येणं ही सगळ्यात मोठी परीक्षा. तुम्हाला तो ओळखता येणार नाही, पण चार वर्षं शिकलेल्या मुलीला ओळखता येईल. तिला डोळे मिटून पाच मिनिटं षड्ज लावायला सांगा. तिचा चेहरा पाहून तुम्हाला कळेल.

हे सगळं झाल्यावर दहा मिनिटं चहा घ्या आणि पुन्हा वाजवून पाहा. नव्या तारा थोड्या उतरणारच, पण एखादी तार अर्धा सूर खाली गेली असेल तर खुंटी धरत नाही असं समजा.

तयार तानपुरा आवडला नाही तर ऑर्डर द्या. काही आठवडे लागतात. पावसाळ्यात जास्त लागतात, कारण पॉलिश वाळत नाही. कागदावर पट्टी, लांबी, लाकूड, घोडी कशाची (हाडाची, शिसवी की कृत्रिम), आगाऊ रक्कम आणि तारीख लिहून घ्या. पक्कं बिल मागा. तारांचा एक जादा संच आणि मणी (सूर नेमका करायला तारेत असतात ते) तिथेच घ्या. आणि तार लावणं, मणी सरकवणं, दोरा बसवणं या तीन गोष्टी मुलीने तिथेच कारागिरापुढे करून पाहाव्यात. मणी लंगोटाकडे, म्हणजे खाली तारा अडकवतात तिकडे, सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीने जवळपास आणायचं आणि मण्याने नेमकं करायचं. दोऱ्याचं तंत्र असं : साध्या सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा तारेखाली घोडीवर आडवा सरकवायचा, तार छेडत राहायचं आणि दोरा केसभर पुढे, केसभर मागे न्यायचा. एका जागी आवाज एकदम उमलतो. तिथे थांबायचं. त्या दोऱ्याला जीव म्हणतात, आणि ऐकल्यावर त्या नावाचा अर्थ कळतो.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा असताना एवढा खर्च कशाला? (एक वाचक, सांगली)

प्रवासात आणि रोजच्या घाईच्या रियाजाला यंत्र चांगलंच. पण तानपुरा स्वतः लावताना कान घडतो, आणि ते शिक्षण यंत्राचं बटण दाबून होत नाही. विद्यार्थ्याकडे दोन्ही असावेत.

आजोबांचा मिरजेचाच तानपुरा तीस वर्षं माळ्यावर होता. तारा गंजल्या आहेत, भोपळ्याला चीर आहे. दुरुस्त होईल का? साताऱ्याहून कसा न्यावा? (एक वाचक, सातारा)

बहुतेक वेळा होतो. पण घरी काही करू नका, हे कळकळीने सांगतो. अशा वाद्याचं खरं नुकसान माळ्यावर होतं त्यापेक्षा खाली काढल्यानंतरच्या पहिल्या तासात जास्त होतं.

गंजलेल्या तारा पिळून वाजवून पाहू नका. तार तुटून डोळ्याला लागू शकते. शिवाय सांध्यातला सरस वाळून सुटलेला असतो, त्यावर ताण आला की दांडी गळ्यातून निखळते. स्पिरिटने पुसू नका, लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा, तेवढं पुरे. आणि चिरेत फेविकॉल भरू नका. जुने सांधे सरसाचे असतात, ऊब आणि ओलावा दिला की ते सुटतात, म्हणूनच कारागिराला वाद्य उघडून आतून काम करता येतं. फेविकॉलने चिकटवलेला सांधा उघडताना भोपळाच फुटतो.

एका पांढऱ्या कागदावर तानपुरा आडवा ठेवून रात्रभर पाहा. सकाळी पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे. हे कारागिराला आधीच सांगा, म्हणजे तो ते वाद्य इतरांपासून वेगळं ठेवेल.

न्यायचं कसं? तारा पूर्ण सोडू नका, अर्ध्या-पाऊण फेऱ्याने उतरवा. घोडी अनेकदा फक्त तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा सोडल्या तर ती घसरते, कधी हरवते. निघालीच तर फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवा. ती जुनी घोडी टाकू नका, नव्या घोडीच्या मापासाठी लागते. ती हस्तिदंताची निघाली तर विकण्या-बदलण्याच्या भानगडीत पडू नका, तो व्यापार कायद्याने बंद आहे.

मोटारीत मागच्या सीटवर गादी घालून आडवा ठेवा. वजन भोपळ्यावर येता कामा नये, म्हणून गळ्याखाली उशी द्या. वाटेत जेवायला थांबाल तेव्हा उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. तासाभराच्या उन्हाने लाख मऊ पडते आणि सांधा हलतो. एसटीच्या डिकीत तर मुळीच नको. रेल्वेने न्यायचा तर खिडकीजवळची जागा घ्या आणि दांडी दोन पायांत धरून, भोपळा मांडीवर घेऊन बसा. साताऱ्याहून मिरज साधारण तीन तासांचा प्रवास आहे, जमतं.

दोन खेपा होतील असं गृहीत धरा. पहिल्यांदा भोपळा, सांधे, तबली, खुंट्या होतात आणि नव्या तारा चढतात. तारा काही दिवस ताणावर राहिल्या की सगळं वाद्य थोडं बसतं, आणि मग काढलेली जवारीच टिकते. त्याच दिवशी घाईने काढून घेतलेली जवारी महिन्याभरात बंद पडते आणि बोल कारागिराला लागतो.

घरी आल्यावर तो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल धरते. खुंट्या पावसात फुगून अडकल्या तर जोर करू नका. उन्हाळ्यात सैल झाल्या तर थोडा खडू लावा. आणि रोज वाजवा. तीस वर्षं मुका राहिलेल्या लाकडाला मोकळं व्हायला काही महिने लागतात.

दर्ग्यातल्या उरुसाचं गाणं ऐकायचं आहे. तारीख कशी कळते? तिकीट लागतं का? बाहेरच्या बायकांनी गेलं तर चालतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

तिकीट लागत नाही, आणि बायकांनी अवश्य जावं. याच आवारात हिराबाई बडोदेकरांनी वर्षानुवर्षं गायन केलं आहे.

उरुस हिजरी महिन्यांप्रमाणे येतो, म्हणून आपल्या कॅलेंडरावर तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर रजा टाकून बसू नका. महिनाभर आधी मिरज आवृत्तीच्या पेपरात येतं. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा, ही इथली जुनी परंपरा. खाँसाहेब उरुसात सेवा म्हणून गात. त्यांच्यामागे शिष्यांनी ती बैठक चालू ठेवली आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव दर्ग्याच्या आवारात होत आला आहे. गाणारे इथे मैफल करायला येत नाहीत, हजेरी लावायला येतात. एरवी मोठ्या मंडपात ऐकलेला गवई इथे अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं घेतो आणि तेवढ्यात मनातलं गाऊन जातो.

गाणं रात्री उशिरापर्यंत चालतं. खाली बसायची सोय असते, स्वतःची सतरंजी आणि पाठ दुखत असेल तर उशी न्या. जत्रेचा गोंगाट बाहेर असतोच. कर्णे आणि पाळणे यांच्या आवाजाने पहिली दहा मिनिटं मन लागत नाही, मग लागतं. रस्ते बंद असल्यामुळे गाडी लांब लावून चालत या. खोली मात्र आधी ठरवा. मिरज हे दवाखान्यांचंही गाव, पेशंटच्या नातेवाइकांनी लॉज एरवीही भरलेले असतात. मिळाली नाही तर सांगलीत उतरा.

उरुस जमला नाही तर नवरात्रात या. मिरजेच्या अंबाबाई देवळातली नवरात्र संगीत सभा अशीच जुनी आणि सगळ्यांना खुली आहे, आणि तिची तारीख शोधावी लागत नाही.

विष्णू दिगंबर पलुस्करांचं मिरजेत काय पाहायला मिळेल? (एक वाचक, कुरुंदवाड)

पलुस्कर तुमच्याच गावचे, जन्म 1872. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेत पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. खयाल गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्यांत बुवा अग्रणी. 1896 साली पलुस्कर मिरज सोडून निघाले, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि 1931 साली मिरजेतच त्यांचं निधन झालं. ब्राह्मणपुरीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आहे. ‘विशारद’ची प्रमाणपत्रं घरात लावणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जा. ते कार्यालय आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, हे मनात असू द्या.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. पण तिथे गेल्यावर नेमकं पाहायचं काय? (एक वाचक, नाशिक)

राजवाड्यापासून सुरुवात करा. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमी दिन म्हणून आपण तोच दिवस पाळतो. तिथून गणपती मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेही चिंतामणरावांनीच बांधायला घेतलं. संध्याकाळी विष्णुदास भावे नाट्यमंदिर किंवा दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, जिथे प्रयोग असेल तिथे. येण्यापूर्वी सांगलीच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती पाहा, कारण बंद नाट्यगृह पाहण्यात काही हशील नाही. 5 नोव्हेंबरला आलात तर भावे गौरव पदकाचा सोहळा मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपूर. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख ज्याने ‘संगीत शारदा’तून मराठी माणसापुढे मांडलं, त्याचं हे गाव. श्रावण सोमवारी इथे जत्रा असते. पण जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहा. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. चाळिशीकडे पाणी जात असेल तर हरिपूर पुढच्या खेपेला.

सातारा-सांगलीचा बावीस श्रुतींशी काय संबंध, असं कुठेसं ओझरतं वाचलं होतं. (एक वाचक, वाई)

नाटककार देवलांचे थोरले बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त होऊन सांगलीत राहिले आणि श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांची, मोजदाद करू लागले. तारेची लांबी मोजून त्यांनी 1910 साली पुस्तिका काढली. सातारला जज्ज असलेले क्लेमंट्स यांनी त्यावरून श्रुतींची पेटी बनवून घेतली. स्वर पडताळायला गळा हवा होता, तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. गवयाने शास्त्रज्ञांपुढे बसून आपला गळा तपासायला देण्याचा तो काळ नव्हता. खाँसाहेबांनी तो दिला, कारण त्यांना स्वतःला वाद्याच्या अंगाची जाण होती. जवारी ते स्वतः काढत.

औंधचं संग्रहालय आणि तिथला संगीत महोत्सव एकाच फेरीत होईल का? (एक वाचक, फलटण)

होईल, आणि तसाच करावा. महोत्सव अश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी. पंडित अनंत मनोहर जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ 1940 साली तो सुरू केला, गजाननबुवा जोशींनी पुढे चालवला. औंध साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

दुपारपर्यंत श्री भवानी चित्रसंग्रहालय पाहा. 1938 साली राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी टेकडीवर ते बांधलं. राजे स्वतः चित्रकार असल्यामुळे चित्रांवर वरून सौम्य उजेड येईल अशी छताची रचना आहे. त्यासाठीच दिवसा उजेडी जा, ढगाळ संध्याकाळी रंग मावळतात. राजा रविवर्म्याची चित्रं सगळे पाहतात, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतं. आत गेल्यावर ते कुठल्या दालनात आहे, हे विचारूनच घ्या. सोमवारी बंद असतं. रात्री थंडी पडते, घोंगडी किंवा शाल घ्या. गाणं पहाटेपर्यंत गेलं तर त्याच रात्री गाडी चालवत परत निघू नका.

चाळीस मुलांची सहल मिरजेला न्यायची आहे. सातवी-आठवी. (एक शिक्षिका, तासगाव)

चाळीस मुलं एका कारखान्यात मावत नाहीत. दहा-दहाचे चार गट करा. दोन गट गल्लीत, वेगवेगळ्या दुकानांत, एक दर्ग्यात, एक चहा-नाश्त्याला, आणि दर चाळीस मिनिटांनी बदला. दुकानदारांना आठवडाभर आधी भेटून वार आणि वेळ ठरवा. सणाच्या आधीचे दिवस आणि शुक्रवार टाळा. बस गल्लीत शिरत नाही, बाहेर थांबवून चालत न्या.

जाण्यापूर्वी वर्गात एका मोबाईलवर तानपुऱ्याचा आवाज दहा मिनिटं ऐकवा, काही न सांगता. गल्लीत कारागिराला एकच विनंती करा : दोरा काढून तार छेडा, मग दोरा लावून छेडा. दोन्ही आवाजांतला फरक मुलांनी स्वतः सांगू द्या. एका वेळी एकाच मुलाला तार छेडू द्या, नखाने नाही, बोटाच्या पेराने. अंगठ्या आणि घड्याळं आधी काढून घ्या, तबलीवर ओरखडा जातो.